फुल बाहीचे पाच शर्ट

रांझी, जबलपूर
१२ मे २०२४, रविवार

अवंती,

जय भीम. फाडू नको, आधी वाच. फोन केला असता, पण माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतेस. कागद हातात पडला की माणूस निदान पहिली ओळ तरी वाचतोच. अक्षर माझं तसंच आहे, कोंबडी चालून गेल्यासारखं. चौथीची शाळा, त्यातही अर्धं वर्ष गोवराचं. तू हसायचीस. हास आता.

बातमी अशी की आपला सुमेध नोकरीला लागला! ऑफिसात! बीमा कंपनी आहे, सिव्हिल लाईन्सला, काचेचं दार, माणूस जवळ गेला की आपोआप उघडते. तीनदा बोलावलं, तीनदा विचारपूस केली अन् पोट्टा पास. एक जुलैला सोमवारी हजर व्हायचं. बंटी, बाप त्याचा, बातमी ऐकून नुसता बसून राहिला. सूनबाई एकता पेढे आणायला धावली. अन् मी हे गुडघे घेऊन सगळ्या गल्लीत वाटत फिरली, ज्यांच्याशी बोलणं बंद आहे त्यांच्याकडेसुद्धा. आपल्या घरातला पहिला माणूस खुर्चीवर बसणार. तुझे बाबा तीस वर्षं फॅक्टरीत उभे राहिले. बंटी अजून उभाच आहे, कमरेला पट्टा बांधून.

आता मी काहून लिहून राहिली ते ऐक. काय घालून यायचं त्याचा कागदच दिला आहे ऑफिसनं. मी सुमेधकडून दोनदा वाचून घेतला. हलक्या रंगाचे फुल बाहीचे शर्ट पाच. गडद पँट तीन. काळे चामडी बूट, पट्टा बुटाच्याच रंगाचा. मोजेसुद्धा गडद! मी म्हटलं, "मोजे कोण वाकून पाहते रे?" तर म्हणाला, "देखते हैं, आजी." देखते हैं म्हणे. अन् सोमवारी टाय. बांधायची कशी ते फोनमध्ये पाहून त्यानं माझ्याच गळ्यात बांधून पाहिली. पातळावर टाय! एकता इतकी हसली की दूध उतू गेलं.

रेडिमेड त्याला बसत नाही. हात लांब, मनगटं बाहेर येतात. कॉलर बसली तर पोटात आणखी एक माणूस मावेल. अन् डावा खांदा अर्धा इंच उतरता. कोणासारखा ते तुला सांगायला नको. बाबांना वर्दीचं कापड मिळायचं अन् दहावीत होतीस तेव्हापासून ती तूच शिवायचीस, डाव्या खांद्यात आतून घडी बसवून. ते म्हणायचे, "अवंतीच्या शर्टात मी सरळ दिसतो."

शरयूनं सांगितलं मला, नागपुरात इंदोऱ्याला तुझं दुकान आहे, जेन्ट्सचे कपडे शिवतेस, तीन मशिनी आहेत, वकील लोक येतात. माझ्या बहिणीची पोरगी सांगते तेव्हा मला कळते की माझी पोरगी काय करते. असो. तर मी ठरवलं की सुमेधचे कपडे तूच शिवशील. तुझा भाचा आहे तो. तू गेलीस तेव्हा तीन वर्षांचा होता, तुझ्या मशिनीच्या पायट्यावर बसून झोके घ्यायचा. माप पाठवते, कापड पाठवते. नाही तर शिवून तूच घेऊन ये. एकोणीस वर्षं झाली, आता कशाचा राग? जे झालं ते फॅक्टरीच्या साहेबांनी केलं. त्यात मी कोण?

उत्तर लिही.

तुझी आई


२० मे २०२४

अवंती,

तुझं पत्र आलं. पोस्टमनला मी बसवून सरबत पाजलं, इतका आनंद झाला. मग फोडलं. तीन ओळी. "आई, कागद आला होता की नाही, एवढं लिही. आला होता तर त्याचं काय झालं ते सुमेधला तुझ्या तोंडानं सांग. मग कापड पाठव."

ना कशी आहेस, ना गुडघे कसे आहेत. व्यापारी झालीस तू, खरंच.

मी काय नवीन लिहू? तुला सगळं माहीत आहे. बाबा नोकरीत असतानाच गेले, अन् अशा वेळी घरातल्या एकाला नोकरी मिळते. आपण तुझं नाव दिलं, कारण तू बी. ए. होतीस, टायपिंग शिकलेली होतीस. मग साहेब म्हणाले की बाईमाणूस चालत नाही. म्हणून बंटीचं नाव दिलं, त्याला लेकरू होतं. अन् तू स्वतः सही करून दिलीस की माझी हरकत नाही. तुला टायपिंगच्या परीक्षेला बोलावल्याचा कागद आलाच नाही. शरयूच्या लग्नात फॅक्टरीच्या ऑफिसातला तो बाबू तुला म्हणाला, "बिटिया, टेस्ट देने आई क्यों नहीं?" तो पिऊन होता. लग्नात कोण नाही पीत? त्याच्या एका वाक्यावर तू त्याच आठवड्यात पेटी उचलून मावशीकडे नागपूरला गेलीस. सरकारी कागद, हरवला असेल कुठं तरी.

बरं, बुटांचं ऐक. सदर बाजारात गेलो होतो. दुकानातला पोट्टा सुमेधच्या पायापाशी बसला अन् बूट चढवायला लागला. सुमेध लाजून लाजून पाय मागे घेऊन राहिला, म्हणाला, "भैया, मैं पहन लूँगा." मी म्हटलं, "बस चुपचाप, पुढे हेच होणार आहे." आठ नंबर दुखते, नऊ नंबर निघते. शेवटी नऊ घेतला, आत गादी घालून. घरी आल्यापासून रोज वर्तमानपत्र अंथरून त्यावर चालतो, तळ मळू नये म्हणून. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, ठक ठक ठक. बंटी म्हणतो, "घोडा बांधला आहे घरात." पण म्हणताना हसून राहिला होता.

माप घ्यायला बळीराम मास्तरांना बोलावलं. ऐंशीचे झाले, आता स्वतः शिवत नाहीत, हात कापतो, पण टेप गळ्यातच असते. छाती अडतीस, खांद्याचा तीरा साडेसतरा, बाही सव्वीस, कॉलर साडेपंधरा. पँटची कमर तीस, लांबी बेचाळीस, पायाशी मोहरी चौदा. मास्तर डाव्या खांद्यावर हात ठेवून उभेच राहिले. म्हणाले, "अम्मा, ये कंधा तो किसी जानकार के बस का है." मी म्हटलं, "जानकार आहे." छातीत माया सोडशील, पोरगा अजून भरेल.

तू मागितलं नव्हतं तरी माप पाठवलं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर वर लिहिलं आहे. कागद आला नव्हता.

आई


२४ मे २०२४

अवंती,

कापड घेतलं. फुहाऱ्यावरच्या बाजारात गेलो, मी, एकता अन् सुमेध. दुकानदार म्हणाला, "अम्मा, छूके देखो, मक्खन है." मी म्हटलं, "मक्खन है तो जून में पिघल जाएगा भैया." सगळं दुकान हसलं, सुमेध मात्र दुसरीकडे पाहू लागला. मग मी कापडाच्या काठाचा एक धागा ओढला अन् माचिस मागितली. तुला माहीत आहे, सूत असेल तर राख होते, नायलॉन असेल तर गोळी होते. दुकानदार ओरडला, "अरे अम्मा, दुकान फूँकोगी क्या!" पण धागा जाळलाच मी. चार ताग्यांची गोळी झाली. पाचव्याची राख झाली, त्याच जातीचं कापड घ्यायचं ठरवलं. रंग उन्हात नेऊन पाहिले, आत निळा दिसणारा बाहेर जांभळा निघाला, तो परत. शेवटी एक पांढरा, एक आकाशी, एक मोतिया, एक बारीक करड्या रेघेचा, अन् एक गुलाबी. गुलाबीला मी नाहीच म्हणत होती. सुमेध म्हणाला, "आजकल सब पहनते हैं." बरं बाप्पा, घाल.

एवढं लिहून मी उठली होती. पोळ्या लाटल्या. परत बसली.

काल बुद्धपौर्णिमा होती. पांढरं पातळ नेसून विहारात गेली. पंचशील म्हणताना भंतेजींच्या मागून सगळे म्हणतात, तशी मीही म्हणते, पन्नास वर्षं म्हणून राहिली. चौथं शील आलं, मुसावादा वेरमणी, खोटं बोलणार नाही. बाकीच्यांचं पुढे गेलं, पाचवं संपलं, मी चौथ्यावरच. बाजूची बाई म्हणाली, "पाणी देऊ का मावशी?"

कागद आला होता.

एप्रिल होता, दुपार होती, तू टायपिंगच्या क्लासला गेली होतीस. हिंदीतला कागद. तुझं नाव, टंकण परीक्षा, तारीख. तेवढं वाचायला चौथी पुरते. मी तो गव्हाच्या कोठीत खाली दाबला. तारीख निघून जाईपर्यंत त्या कोठीतून मी स्वतःच्या हातानं गहू काढले, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. अन् त्याच दिवसांत तू ऑफिसला जायचे तीन सूट शिवून राहिली होतीस. रोज संध्याकाळी एक घालून दाखवायचीस. "आई, ओढणीला दोन्हीकडे पिन लावू की एकीकडे? ऑफिसात कशी लावतात?" मी म्हणायची, "दोन्हीकडे."

साहेब काही म्हणाले नव्हते. मी अर्ज घेऊन गेली की मुलीची इच्छा नाही, मुलाला घ्या, तेव्हा उलट त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. म्हणाले, "अम्मा, लड़की पढ़ी-लिखी है, दफ्तर में बैठ जाएगी. लड़का दसवीं पास है, उसको मज़दूरी ही मिलेगी. सोच लो." मी म्हटलं, "सोच लिया." मग घरी येऊन तुला सांगितलं की ते बाईमाणूस घेत नाहीत, सही कर, नाही तर दोघांचीही जाईल. बाबासाहेबांच्या फोटोखालच्या पाटावर बसवून तुझी सही घेतली. तू पेन हातात घेऊन वर फोटोकडे पाहिलं होतंस. मी तेव्हा भाजी निवडत होती असं दाखवलं.

काहून केलं? मुलीची नोकरी परक्या घरी जाते. सासरचे पगार खातात, आई-बाप हात चोळतात. सगळे म्हणायचे, मलाही पटायचं. बंटीच्या गळ्यात बायको होती, लेकरू होतं. सुमेधच्या दुधासाठी केलं, असं मी स्वतःला सांगितलं.

अन् तू लग्नच केलं नाहीस. मग कोणाच्या घरी जाणार होती ती नोकरी?

तुझे तिन्ही सूट एकतानं वापरले. लग्नाकार्यात घालायची. तिला माहीत नव्हतं कशाचे आहेत.

झालं. पहिली गोष्ट लिहिली. दुसरी मागू नको. तो पोट्टा मला फार मानतो.

आई


२ जून २०२४

अवंती,

एकच ओळ लिहिलीस. "दुसरी गोष्ट तशीच आहे." वीस रुपयांचं टपाल अन् चार शब्द. अगं, त्यात सुमेधचं नाव तरी घालायचं.

मी आधी रागावली. मग कपडे दुसरीकडे शिवायला टाकायचे ठरवलं. रांझीच्या चौकातल्या टेलरकडे आकाशी रंगाचा एक शर्ट नमुन्याला दिला. आला. डाव्या खांद्याला सुरकुती, पाठीला फुगा. सुमेध आरशासमोर उभा राहिला अन् डावा खांदा वर उचलून धरला, जसे बाबा धरायचे साहेबापुढे. म्हणाला, "चलेगा, आजी." मला रडू आलं. मी म्हटलं, "काढ तो." अन् आकाशी कापड पुन्हा आणलं.

मग बंटीला सांगितलं. एकता बाजारात, सुमेध बाहेर, आम्ही दोघंच. तो कमरेला बाम लावून घेत होता. मी म्हटलं, "बंटी, अवंतीचा कागद आला होता. मी लपवला होता."

तो म्हणाला, "आई, एकोणीस वर्षं झाली. गाडलेलं काहून उकरून राहिली?"

"म्हणजे? तुला माहीत होतं?"

"कोठीत मी हात घातला होता एकदा. तू झोपली होतीस. पाहिला, परत ठेवला."

मी बामाची डबी हातात घेऊन उभी. म्हटलं, "अन् बोलला नाहीस?"

"तू बोललीस का?" तो म्हणाला. मग पालथा पडल्या पडल्या म्हणाला, "तिला कळू दिलं असतं तर ती खुर्चीत बसली असती अन् मी काय केलं असतं? पानटपरी? मला भीती वाटली. आता ही कमर गेली तर वाटतं, तिचीच हाय लागली." अन् लगेच, "पण सुमेधला सांगू नको. त्याच्या नजरेतून मीही उतरीन, तूही. पहिल्या नोकरीला जाऊन राहिला पोरगा. त्याला हलकं जाऊ दे."

अवंती, मी एवढी वर्षं समजत होती की हे पाप माझ्या एकटीचं आहे. आता वाटणी झाली तरी हलकं होत नाही.

बंटी म्हणतो तेही खरं आहे ना? पोरगा हलका जाऊ दे. तू मोठी आहेस, तूच सोडून दे. शर्ट शिव. मी पाया पडते. आईनं मुलीच्या पाया पडू नये, पण पडते.

आई


१६ जून २०२४

अवंती,

तू यावेळी उत्तरच दिलं नाहीस. दोन आठवडे मी गेटपाशी उभी. पोस्टमन आता दुरूनच हात हलवून नाही म्हणतो.

मंगळवारी सांगितलं.

तो बूट घालून वर्तमानपत्रावर चालत होता. मी म्हटलं, "सुमेध, बस. तुझ्या आत्याची गोष्ट सांगायची आहे." तो म्हणाला, "कौन, नागपूरवाली बुआ? जो हमसे लड़के गई थी?" मी म्हटलं, "ती भांडून गेली नाही. आम्हीच तुला तसं म्हणायला शिकवलं."

सगळं सांगितलं. कागद, कोठी, बापाला माहीत होतं तेही, साहेबाची खुर्ची, सही. एक गोष्ट गाळली नाही. मध्ये पाणी प्यायला उठली, तर तो म्हणाला, "बैठो, पूरा बताओ."

मग विचारलं त्यानं एवढंच, "मेरा नाम लिया था आपने? कि मेरे लिए कर रही हो?"

मी म्हटलं, "हो. तू लहान होतास. तुझं दूध, तुझी शाळा."

"मैंने तो नहीं माँगा था, आजी."

मग म्हणाला, "बुरा लगा था आपको? उस टाइम?"

मला खोटं बोलता आलं असतं. हो रे बाळा, रात्रंदिवस रडली, असं. पण तुझी अट डोक्यात होती अन् ते चौथं शीलही. मी म्हटलं, "नाही. तेव्हा नाही वाटलं. बंटी पहिल्या दिवशी फॅक्टरीत गेला तेव्हा मी खीर केली होती. अवंतीनंही खाल्ली."

त्यानं खाली वाकून बूट काढले. डब्यात घातले, मधला कागदसुद्धा नीट घडी करून ठेवला. ओरडला असता तर बरं झालं असतं. आमच्याकडे पोरं ओरडतात, मग जेवतात. हा जेवायला आला, वाढलं ते खाल्लं, ताट धुऊन ठेवलं. पाहुण्यासारखं. बापाशीही तसंच. "जी पापा", "नहीं पापा".

रोज ऑफिसच्या गोष्टी सांगायचा मला, कोणत्या दिवशी कोणता शर्ट घालणार ते माझ्याशी ठरवायचा. आता मी विचारते, "सोमवारी पांढरा ना?" तर म्हणतो, "देखते हैं."

काल सकाळी कापडाची पिशवी घेऊन गेला. कुठं, ते मला सांगितलं नाही. एकतानं सांगितलं, नागपूरला, तुझ्याकडे. पत्ता तुझ्या पत्रावरून घेतला असेल, मी लिफाफे उशीखाली ठेवते.

त्याला कैरीचं पन्हं आवडते. भात दोनदा घेतो, पण दुसऱ्यांदा मागायला लाजतो, तूच वाढ. उन्हातून आला की नाकातून रक्त येते, लहानपणापासूनचं आहे, घाबरू नको. झोपेत पाय हलवतो. हे सगळं तुला माहीत व्हायला पाहिजे होतं, बोटाला धरून वाढवलं असतंस तर.

तुझी अट पुरी झाली म्हणून मान, नको मानू, तुझी मर्जी. त्याचा खांदा सरळ दिसू दे एवढंच.

आई


१ जुलै २०२४, सोमवार

अवंती,

सुमेध नऊला निघाला.

पांढरा शर्ट, गडद करडी पँट, निळी टाय. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. खांदा सरळ. बाहीचं बटण मनगटाच्या हाडावर बरोबर बसलं, कॉलरच्या आत एक बोट जाते, दोन जात नाहीत. पाठीला एक सुरकुती नाही. मी त्याच्या मागून एक फेरी मारली, जसं कापड उन्हात धरून पाहते तसं. आतली शिलाई उलटून पाहायची होती, पण अंगावरच्या शर्टाची कशी पाहणार? बाकीचे चार इस्त्री करून टांगले आहेत, ते तो गेल्यावर पाहिले. एकेक टाका तांदळाएवढा. दुकानात कोणी इतकं करत नाही. तुझा हात बाबांच्या वर्दीला लागायचा तेव्हाही असाच होता.

नागपूरहून आला तेव्हा मी विचारलं होतं, "आत्या काय म्हणाली?" तो म्हणाला, "तीन बार ट्रायल ली. बहुत अच्छी हैं." मी म्हटलं, "अन् मला काही निरोप?" तो म्हणाला, "नहीं, आजी. बोलीं, आपकी चिट्ठियाँ मिल गईं. वो नहीं आएँगी. मुझे आते रहने को बोला है."

बरोबर आहे. त्याला बोलावलंस, चांगलं केलंस. दर महिन्याला जाणार म्हणतो. मी भाकरीचं पीठ दिलं तर नेईल की नाही माहीत नाही.

निघताना फोटोपुढे हात जोडले, बापाच्या पाया पडला, आईच्या पडला. माझ्या पडला. पडला तसा, पण पूर्वी पायावर डोकं ठेवायचा अन् मी पाठीत धपका मारायची. आज बोटांनी नुसता स्पर्श केला अन् म्हणाला, "येतो, आजी." मराठीत. बंटीच्या स्कूटरवर मागे बसून गेला, बूट वर उचलून धरले होते, चिखल उडू नये म्हणून.

दहाच्या सुमारास समोरच्या पटेल भाभी आल्या. गल्लीतून जाताना पाहिलं होतं त्यांनी. मी चहा केला. म्हणाल्या, "अम्मा, अपना सुमेध तो एकदम साहब लग रहा था. शर्ट किसने सिली? हमारे गुड्डू की भी सिलवानी है."

मी म्हटलं, "हमारी बेटी ने."

"बेटी?" भाभी म्हणाल्या. "आपकी बेटी भी है?"

अकरा वर्षं समोरासमोर राहतो. त्यांच्या तिन्ही बाळंतपणांत मी डिंकाचे लाडू केले. त्यांना माहीत नाही की मला मुलगी आहे. मी कधी सांगितलं नाही. कोणी विचारलं, कितने बच्चे, तर मी एक म्हणायची, लोक समजायचे एक मुलगा. हे तुला मी कधी लिहिलं नसतं, पण आता एवढं लिहिलं तर हेही.

मी म्हटलं, "है. नागपूर में दुकान है उसकी. तीन मशीन हैं. वकील लोग आते हैं." अन् थांबवताच आलं नाही मला. म्हटलं, "उसको भी दफ्तर में लगना था भाभी, उसके पापा की जगह पे. चिट्ठी आई थी. मैंने छुपा दी. नौकरी लड़के को दिला दी."

वाटलं, आता ही कप खाली ठेवेल. तोंडावर हात ठेवेल. गल्लीभर होईल. होऊ दे, असंच वाटलं. निदान एका माणसानं तुझ्या बाजूनं माझ्याकडे तसं पाहावं.

भाभींनी चहात बिस्किट बुडवलं. म्हणाल्या, "ठीक ही तो किया, अम्मा. लड़की की नौकरी तो ससुराल वाले खाते हैं. घर का लड़का खड़ा हो गया, और क्या चाहिए? देखो, आज पोता साहब बन गया."

अवंती, माझेच शब्द होते ते. जसेच्या तसे. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मला कोणी म्हटलं की बरोबर केलंस. मी याच वाक्यासाठी एवढी वर्षं थांबली होती बहुतेक. अन् ते तिच्या तोंडून आलं तर मला त्या बाईची शिसारी आली.

मी म्हटलं, "भाभी, चाय हो गई हो तो उठो. मुझे काम है."

त्या अर्धा कप तसाच टाकून गेल्या. काम काही नव्हतं मला. मी तिथंच बसून राहिली, त्यांनी ठेवलेल्या कपाकडे पाहत.

आई